रोज मीच पेशंट

"हिला झोपवा. हिचा चेहराच पेशंटचा आहे."

मॅडम असं बोलल्या आणि अख्खी बॅच हसली. मीही हसली. मंग चपला काढल्या, ओढणी सारखी केली आणि त्या लोखंडी पलंगावर आडवी झाली. वर पंखा फिरून राहिला होता. भोवताल पांढरे कोट घालेल पोट्ट्या. एकीनंही माह्या तोंडाकडं पाह्यलं नाही. सगळ्या माह्या मनगटाकडं पाहून राहिल्या होत्या, की पहिली बारी कोणाची.

पहिली बारी ऋतुजाची. तिनं निळे ग्लोव्ज चढवले आणि पाठ केलेलं इंग्रजी एका दमात म्हणून टाकलं. "गुड मॉर्निंग, माय नेम इज ऋतुजा, आय विल बी युअर नर्स टुडे, आय वुड लाइक टु चेक युअर पल्स, इज दॅट ओके विथ यू?" शेवटचा शब्द तोंडातून निघायच्या आधीच तिची बोटं माह्या नाडीवर होती.

मॅडम म्हणाल्या, "व्हेरी गुड."

मले कोणी काही विचारलं होतं, हे माह्याही ध्यानात आलं नाही.

मी नर्स आहे. हे आधीच सांगून ठेवते, नाही तर पुढचं ऐकून कोणाले वाटायचं, ही पोट्टी खरंच आजारी होती. अमरावतीले जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, केलं. रजिस्ट्रेशन आहे. अकोल्याच्या एका खाजगी दवाखान्यात वॉर्ड सांभाळते. सलाईन लावते, बाळंतिणीजवळ उभी राहते, मेलेल्या माणसाचे डोळे मिटवते. पण बाहेर देशात नर्स म्हणून उभं राहायचं तर तिकडचं लायसन्स लागते. त्या लायसन्सची परीक्षा दोन भागात. पहिला कॉम्प्युटरवर, प्रश्न आणि उत्तरं. तो मी पास झाली. दुसरा प्रॅक्टिकल. पलंगावर जिवंत माणूस, बाजूले परीक्षक. तुमी आत शिरल्यापासून काय बोलता, कुठं हात लावता, हात कधी धुता, सगळं पाहतात. तिथं अडखळली की गेली. घरी बसून वाचून ते जमत नाही. पुन्हा पुन्हा करून पाहावं लागते, माणसाच्या अंगावर.

बाहेर काहून जायचं, असं मले सगळेच विचारतात. तिकडं आडनावावरून कोणाले काही समजत नाही म्हणे. म्हणे. त्याच्यावरही माहा पुरता भरोसा नाही. तिकडं लोक दुसरं काही पाहत असतील. पण ते तरी एकदा पाहून येऊ म्हणलं.

म्हणून इथं अकोल्यातच, जठारपेठेत, क्लास लावला. खाली औषधांचं दुकान, वर दोन खोल्या. एका खोलीत बाकं, दुसरीत त्या लोकांची 'स्किल लॅब'. म्हणजे एक पलंग, सलाईनचा स्टँड, बीपीचं मशीन, हात धुवायचं बेसिन आणि कोपऱ्यात एक डमी. डमी म्हणजे माणसाएवढा प्लास्टिकचा पुतळा. त्याचा हात खांद्यातून तुटेल होता, म्हणून त्याच्यावर चादर टाकून ठेवली होती. नवीन डमी येणार आहे, असं ॲडमिशनच्या वेळी सांगतलं. तोपर्यंत मुलींनीच बारीबारीनं पेशंट व्हायचं. एकीनं झोपायचं, बाकीच्यांनी तिच्यावर शिकायचं, मंग दुसरी. सगळ्याच नर्सिंग शाळांमध्ये असं चालते. अमरावतीले आमी असंच शिकलो, हसत-खिदळत, एकमेकींचं बीपी पाहत.

हे मी माह्या बोलीत सांगून राहिली, ते जाणून. मॅडम म्हणायच्या, "ते मले-तुले आधी बंद कर. तिकडचे लोक काय म्हणतील?" परीक्षा इंग्रजीत, बोलायचं इंग्रजीत, आणि ह्या माहं मराठी सुधारून राहिल्या होत्या. ऋतुजा जिन्यात उभी राहून तिच्या आईशी फोनवर बोलायची, "मले आज उशीर होते वं." आत आली की "मला". तिले कोणी कधी टोकलं नाही. तिचे काका डॉक्टर, घर जठारपेठेतच, क्लासच्या पलीकडच्या गल्लीत. मॅडमचं आणि त्यांचं येणं-जाणं.

पहिल्या दिवशी ओळख करून द्यायची होती. मी उभी राहिली, नाव सांगतलं, गाव सांगतलं. भातकुलीच्या पुढं. तर ऋतुजा एकदम खूश.

"अगं, माझ्या मामाचं गाव तिथंच बाजूला आहे. लहानपणी जत्रेला आम्ही तुमच्या गावात यायचो. तुमचं घर कुठं? शाळेच्या मागं का?"

"नाही. निळ्या कमानीच्या आत."

"अच्छा."

एवढंच. अच्छा म्हणून तिनं पाण्याच्या बाटलीचं झाकण लावलं आणि समोर पाहाले लागली.

हा अच्छा मले ओळखू येते. लहानपणापासून ऐकून राहिली. शहरातले लोक आडनाव विचारतात, गावाकडचे घर कुठं ते विचारतात. पाहिजे असते ते उत्तर एकच. ते भेटलं की मंग अच्छा. त्याच्यापुढं ना भांडण, ना शिवी. बस, झाकण लागते.

दुसऱ्या दिवसापासून मी पलंगावर.

आता कोणी म्हणल, त्याचा याच्याशी काय संबंध? मीही स्वतःले तेच म्हणत होती. तू समोर बसतेस म्हणून बोलावतात. तू शांत आहेस म्हणून. तुले ड्युटीहून थकून आल्यावर तेवढंच पडाले भेटते म्हणून. मी त्यांच्या बाजूनं जितकी कारणं शोधली, तितकी त्यांनीही शोधली नसतील. शंका असलेल्या माणसाचं हे असंच होते. शंका आली की आधी स्वतःवरच येते. मलेच तर जास्त दिसून राहिलं नाही ना? मीच तर वाकडी नाही ना? समोरच्याले असं कधी स्वतःले विचारावं लागत नाही.

शंका मले मायकडून आली. माय गावच्या शाळेत खिचडी शिजवते. तिले ते काम लागलं त्या वर्षी काही घरच्या लेकरांच्या दप्तरात एकदम पोळीभाजीचे डबे येऊ लागले. मास्तर म्हणाले, लेकरांले खिचडी पचत नाही. माय खिचडी शिजवत राहिली. पण तेव्हापासून कोणी तिच्याशी गोड बोललं की ती त्याच्या तोंडाकडं पाहत नाही, हाताकडं पाहते. हात पुढं येतात का मागं जातात.

मॅडमले मी एकदा विचारलं. पोट्ट्या गेल्या होत्या, त्या चाव्या शोधून राहिल्या होत्या.

"मॅडम, माही बारी कधी येईल?"

"तुझं होईल गं. तुला कशाची घाई? तुला हॉस्पिटलमध्ये रोजच प्रॅक्टिस मिळते."

"ऋतुजाही हॉस्पिटलमध्येच आहे. तिच्या काकांच्या."

मॅडमनं मले नीट पाह्यलं. मंग हसल्या. "तू फार समजूतदार आहेस. म्हणून तुला सांगते मी. बाकीच्या मुली जरा नाजूक घरातल्या आहेत, त्यांना ऑकवर्ड होतं असं सगळ्यांसमोर पडायला."

मी जिना उतरली. रस्त्यावर आली तेव्हा ते वाक्य समजलं. म्हणजे मले ऑकवर्ड होत नाही. माहं घर नाजूक नाही. आणि समजूतदार हे मले बक्षीस दिलेलं. त्या दिवसापासून कोणी मले समजूतदार म्हणलं की मी सावध होते.

दवाखान्यातल्या प्रॅक्टिसचंही सांगते. वॉर्डात आमी धावत काम करतो. एका सिस्टरच्या गळ्यात खाटांची अख्खी रांग. तिथं कोण गुड मॉर्निंग म्हणते आणि कोण नाव सांगते? त्या परीक्षेत मात्र त्याच गोष्टीचे मार्क. आधी ओळख द्या, मंग काय करणार ते सांगा, मंग पेशंटले विचारा, त्यानं हाव म्हणलं की मंग हात लावा. माहे हात कामाले सरावले होते, पण तोंड सरावलं नव्हतं. माहं इंग्रजी घशातच अडकायचं. पलंगावर पडून दुसऱ्यांचं ऐकून ते सुटणार नव्हतं. परीक्षा जवळ येऊन राहिली होती आणि मी कण्हायची प्रॅक्टिस करत होती. हो, तेही करावं लागे. मॅडम म्हणायच्या, "जरा पेन दाखव चेहऱ्यावर."

एक दिवस क्लासनं फोटो काढले. जाहिरातीसाठी. सगळ्या पोट्ट्यांनी केस बांधले, लिपस्टिक लावली, कोट इस्त्री करून आणले. मीही आणला होता. मॅडम म्हणाल्या, "तू कोट काढून ठेव, पेशंट कोट घालत नाही." मी काढला. पलंगावर पडली. चादर छातीपर्यंत ओढली. फोटो निघाला, आणि खाली मोठ्या अक्षरात 'उद्याच्या इंटरनॅशनल नर्सेस' असं लिहून फोनवर सगळीकडं गेला.

तो फिरत फिरत आमच्या गावात पोचला.

दुपारची ड्युटी होती. मायचा फोन. मागून लाउडस्पीकरचा आवाज येऊन राहिला होता, गाड्यांचा.

"कोणत्या दवाखान्यात ठेवलं वं तुले?"

"कोणाले?"

"तुले. मले काहून सांगतलं नाही? काय झालं तुले? शेजारच्या पोट्टीनं फोनवर दाखवलं. चार सिस्टर भोवताल होत्या तुह्या." आणि माय रडाले लागली. "मी बडनेऱ्याले येऊन बसली. गाडीची वाट पाहून राहिली."

माही माय एकटी कधी अकोल्याले आली नव्हती. तिनं शाळेतलं काम कोणाच्या तरी गळ्यात घातलं असल, पिशवीत लुगडं कोंबलं असल, आणि निघाली. लेक मरून राहिली असं समजून.

मी वॉर्डाच्या बाहेर येऊन तिले समजावलं. आजारी नाही. क्लास आहे. शिकायसाठी एकीले झोपावं लागते, खोटंखोटं.

"म्हणजे नाटक?"

"हाव."

"मंग बाकीच्या पोट्ट्या कधी झोपतात?"

मी मागं वळून वॉर्डाचं दार लोटून घेतलं.

"काहून वं? रोज तूच?"

"हाव."

मायचं रडणं थांबलं. तिचा आवाज बदलला. खिचडीच्या गोष्टीच्या वेळी होता तसा झाला.

"तू नर्सची परीक्षा देऊन राहिली का पेशंटची?"

तिनं म्हणलं, गाडी आली, पण आता कायले येऊ, मी घरी जाते. फोन बंद झाला. मी तिथंच भिंतीले टेकून उभी राहिली. मले लाज वाटली आणि मंग राग आला. मले झोपवलं ते झोपवलं, माह्या मायले बडनेऱ्यापर्यंत रडत आणलं त्यांनी. हे मी विसरणार नाही.

घरी जाऊन तो फोटो उघडला. इतके दिवस मी तो नीट पाह्यलाच नव्हता. मोठा करून पाह्यला. ऋतुजानं माहं मनगट धरलं होतं. निळे ग्लोव्ज. बॅचमधल्या पल्लवीनं कपाळावर हात ठेवला होता. निळे ग्लोव्ज. मीच काय ती उघड्या हातांची.

नाडी पाहाले ग्लोव्ज लागत नाहीत. हात धुवावे लागतात. हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाले शिकवतात, ते काही गुपित नाही. रक्त असलं, जखम असली, तर ग्लोव्ज. साध्या चामडीले नाही. मॅडमनं स्वतः शिकवलं होतं. मंग माह्या मनगटावर काय होतं?

मी पुन्हा त्यांच्या बाजूनं विचार केला. फोटोसाठी घातले असतील, चांगले दिसतात म्हणून. पण मंग रोजचं आठवलं. रोज निळे. मी म्हणलं, ठीक आहे. पाहू.

संधी लवकरच आली. मी ड्युटीमुळं उशिरा पोचली. लॅबचं दार अर्धं उघडं होतं. माह्याशिवाय सुरू झालं होतं, म्हणून पल्लवी पलंगावर. पल्लवी अकोल्याचीच, तिचे वडील बँकेत. ऋतुजा तिची नाडी पाहून राहिली होती. उघड्या बोटांनी. दोघी हसून राहिल्या होत्या. "तुझे हात किती थंड आहेत गं," पल्लवी म्हणाली. मी दारातच उभी. ग्लोव्जचं खोकं तिथंच टेबलावर होतं, बंद.

मी आत गेली तशी पल्लवी पटकन उठली. "ये, तुझीच जागा आहे," असं म्हणाली. आणि ऋतुजानं खोकं ओढलं.

त्या दिवशी कोडं सुटलं. मले वाटायचं, शिवायचं नसतं यांले तर पलंगावर मलेच काहून घेतात? तर असं आहे. पल्लवीचं अंग कोणाच्या तरी घरचं होतं. माहं अंग सामान होतं. डमीचा हात तुटला होता, मंग हा दुसरा डमी. सामान हाताळताना ग्लोव्ज घालतातच.

शबानाले मी जिन्यात धरलं. शबाना अकोल्याचीच, जुन्या शहरातली, तिच्या अब्बांचं शिवणकामाचं दुकान. बॅचमध्ये ती कमी बोलायची.

"तुले ते ग्लोव्ज दिसले का?"

तिनं इकडं तिकडं पाह्यलं. "दिखता सबको है. बोलून काय भेटणार? मले पास व्हायचं आहे बस."

"तू घालतेस का?"

"सगळ्या घालतात, तर मीभी घालते."

निदान खरं बोलली. पण मी तिच्यावरही भरोसा टाकला नाही. खरं बोलणारी माणसंही ऐन वेळी मान खाली घालतात, हे मी पाहेल आहे.

मंग मॉक आली. म्हणजे खऱ्या परीक्षेच्या आधीची नकली परीक्षा. त्यात जिचं काम चांगलं, तिलेच मॅडम तारीख घेऊ देणार होत्या. जिचं नाही, तिनं थांबायचं. मॅडम खुर्ची टाकून बसल्या, हातात पेन. सगळ्यांचे नंबर सांगतले. माहा नंबर शेवटी. "वेळ उरला तर," असं त्या म्हणाल्या, आणि बोट पलंगाकडं.

मी चपला काढल्या. पलंगावर पडली. आता हे मी ठरवून केलं का, असं कोणी विचारलं तर नाही. घरून काही ठरवून निघाली नव्हती. मायचा तो प्रश्न तेवढा डोक्यात बसेल होता.

ऋतुजा आली. खोक्यातून ग्लोव्ज काढले, बोटं एकेक करून आत सारली. हसरा चेहरा केला.

"गुड मॉर्निंग, माय नेम इज ऋतुजा, आय विल बी युअर नर्स टुडे. आय वुड लाइक टु चेक युअर पल्स. इज दॅट ओके विथ यू?"

बोटं मनगटाले लागली.

"नो," मी म्हणलं.

आणि मनगट ओढून घेतलं.

ऋतुजाची बोटं तशीच हवेत. तिनं मॅडमकडं पाह्यलं. तिले पुढचं येतच नव्हतं. कोणालेच येत नव्हतं. इतके दिवस सगळ्यांनी तो प्रश्न पाठ केला होता, पण उत्तर येऊ शकते हे एकीलेही शिकवलं नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, "अगं, हो म्हणायचं असतं."

"काहून?"

"तो फ्लो असतो. पेशंट हो म्हणतो, मग पुढची स्टेप."

"आणि पेशंट नाही म्हणला तर?"

"परीक्षेत पेशंट नाही म्हणत नाही."

"मंग विचारता कायले?"

मॅडमनं पेन टेबलावर ठेवलं. आवाज खाली आणला, लेकराले समजावतात तसा.

"हे बघ. तू उगाच मनात काहीतरी घेऊन बसली आहेस. इथं कोणी तसलं काही मानत नाही."

"तसलं म्हणजे कसलं, मॅडम? मी तर नाडीबद्दल बोलून राहिली."

तेव्हा मले समजलं की माही शंका शंका नव्हती. त्यांच्याच तोंडानं त्यांनी ती पक्की केली. मी जातीचा ज काढला नव्हता.

मी पलंगावरून उतरली. बेसिनवर गेली. साबण लावून हात धुतले, बोटांच्या मधून, मनगटापर्यंत, जसे धुवायचे तसे. कागदानं पुसले. मंग वळली.

"आता माही बारी. ऋतुजा, चप्पल काढ. पलंगावर ये."

"मी?" ती म्हणाली. "माझी पाठ दुखते."

"पल्लवी?"

पल्लवी मॅडमकडं पाहाले लागली. बाकीच्या भिंतीवरचा तक्ता वाचून राहिल्या होत्या. नाजूक घरच्या सगळ्या.

"हे नंतर बघू," मॅडम म्हणाल्या. "आज मॉक आहे. ऋतुजाचा वेळ जातोय."

"इतके दिवस माहा गेला," मी म्हणलं. "नंतर नाही. आता."

अकोल्यात दुसरी लॅब नव्हती. मॅडमनं बाहेर काढलं तर शिकायचं कुठं, हे मले माहीत नव्हतं. लायसन्स हातचं जाईल हे समजून राहिलं होतं. पण परत त्या पलंगावर पडून जे लायसन्स भेटणार होतं, ते घेऊन मी कोणत्या तोंडानं कोणाची नाडी पाहणार होती?

मागून खुर्ची सरकली. शबाना. तिनं सँडल काढले, डोक्यावरचा स्कार्फ नीट केला आणि पलंगावर येऊन पडली.

मी तिच्याकडं पाह्यलं. "काहून? दया येऊन राहिली का माही?"

"दया कायची?" ती छताकडं पाहत म्हणाली. "कल तू झोप, माही बारी. मलेभी शिकायचं आहे."

हे मले पटलं. दया असती तर मी हात लावला नसता. बारी होती, म्हणून पुढं झाली.

नाव सांगतलं. इंग्रजी घशात अडकलं. थांबली, पुन्हा सांगतलं. काय करणार ते सांगतलं. मंग विचारलं, "इज दॅट ओके विथ यू?" आणि हात मागं ठेवून उभी राहिली. वाट पाहत. शबानानंही वेळ घेतला. तिले खरंच विचार करावा लागून राहिला होता, कारण तिलेही असं कोणी कधी विचारून थांबलं नव्हतं.

"यस," ती म्हणाली.

मंग मी उघडी बोटं तिच्या मनगटावर ठेवली. तिची नाडी जोरात चालून राहिली होती. भ्यायली होती तीही. मी घड्याळाकडं पाहून नीट मोजली आणि मोठ्यानं सांगतली. मॅडमनं पेन उचललं नाही. "क्लास संपला," म्हणाल्या, आणि दिवे बंद करत सुटल्या.

दुसऱ्या दिवशी क्लासच्या ग्रुपमधून माहं नाव गेलं. शबानाचं त्याच्या पुढच्या दिवशी. मंग मॅडमचा फोन आला, भल्ल्या प्रेमानं. "तुझ्यात टॅलेंट आहे गं. ऋतुजाचं मन दुखावलंय, काकांचाही फोन आला होता. एक सॉरी म्हण आणि ये. मी तुला पहिला नंबर देते. तो फोटोसुद्धा काढून टाकते."

गोड बोलून राहिल्या होत्या. मी मायसारखी हाताकडं पाहू शकत नव्हती, फोनवर हात दिसत नाहीत. म्हणून विचारलं.

"ऋतुजा झोपल का पलंगावर?"

"असं काय करतेस? तो मुद्दाच नाही."

"तोच मुद्दा आहे," मी म्हणलं. "सॉरी नाही म्हणणार. बारी लावा, मंग येते."

फोन कट झाला. फोटो अजून तसाच फिरून राहिला आहे. मायनं तो शेजारणीच्या फोनवरून पुसायले लावला, पण बाकीच्यांच्या फोनमध्ये मी आजही पडेल आहे.

आता मी आणि शबाना तिच्या घरी शिकतो. अब्बा दुकानात गेले की समोरच्या खोलीतल्या दिवाणवर. एक दिवस ती, एक दिवस मी. आमचं पटतेच असं नाही. तिले माही घाई आवडत नाही, मले तिचं मध्येच हिंदीत सुटणं. ती ग्लोव्ज घालत नाही. तरी पहिले काही दिवस मी तिच्या हातांकडं पाहतच होती. ती म्हणाली, "देख ले, जी भरून देख ले." ही सवय जाणार नाही. जावी असंही मले वाटत नाही.

परीक्षा आहेच, तारीख माही मीच घेईन. पास होईन का पडेन, माहीत नाही. बिना लॅबची आहे, बिना मॅडमची आहे, इंग्रजी अजून अडकते. पण मी जाणार. तिथं पलंगावरच्या माणसाले विचारीन आणि उत्तराची वाट पाहीन. तो माहा रंग पाहून, माहं बोलणं ऐकून 'नो' म्हणू शकते. म्हणल तर हात मागं घेईन आणि कागदावर लिहीन, पेशंटनं नकार दिला, आणि कारण त्याच्याच शब्दात. तो त्याचा हक्क.

माहा हक्कही मी आता कोणाले विचारून घेणार नाही. अकोल्यात, अमरावतीत, का समुद्रापलीकडं, जिथं बारी नाही तिथं माहं अंग पलंगावर पडणार नाही. कोणी बोट दाखवलं तर त्या बोटाले उत्तर भेटल. चेहरा पेशंटचा असतो म्हणता ना? मंग आधी तुमी चपला काढा. तुमी आडव्या व्हा.

मी हात धुऊन उभी आहे.